पिल्लाची रात्र आणि आजींची झोप

“डॉक्टर, सासूबाईंना झोपेची एखादी सौम्य गोळी लिहून द्या,” अशी विनंती घेऊन येणाऱ्या सुना आणि मुलगे माझ्या दवाखान्याला नवे नाहीत. परंतु गोळी मागण्याचे कारण मांजरीचे पिल्लू आहे, असे सांगणारी सून मला अलीकडेच भेटली. नातवाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेले दोन-सव्वादोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले. दिवसा ते आजींच्या मांडीवर झोपे आणि रात्री दोन वाजता घर डोक्यावर घेई. आजींचे वय ७८, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे झिजलेले. त्या बिचाऱ्या प्रत्येक म्यांवला उठत, अंधारात चाचपडत स्वयंपाकघर गाठत आणि बशीत दूध ओतत. पाच रात्री असे चालल्यावर घरातील सगळ्यांचेच डोळे चुरचुरू लागले. पिल्लू परत सोडून यावे हा मुलाचा आग्रह, आणि ते गेले तर मी जेवणार नाही हा आजींचा हट्ट. गोळी हा त्या दोहोंमधला सुनेने काढलेला मध्यममार्ग होता.

गोळी मी दिली नाही. झोपेसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या औषधांचा अंमल उतारवयात अधिक काळ रेंगाळतो. पाय लटपटतात, तोल जातो, मध्यरात्री जाग आली तर आपण कोठे आहोत हे उमगायला वेळ लागतो. अशा अवस्थेत वृद्ध व्यक्ती लघवीसाठी उठली आणि पायाखाली मऊ, हालते असे काही आले, तर पुढची वेळ खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेची असू शकते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार त्या देशात कुत्र्या-मांजरांमुळे पडून दुखापत झालेले सुमारे ८६,००० रुग्ण दरवर्षी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येत होते. त्यातला मोठा वाटा कुत्र्यांचा होता हे खरे. पण मांजरामुळे पडलेल्यांपैकी बहुतेकजण मांजराला अडखळूनच पडले होते. म्हणून त्या सूनबाईंना मी सांगितले, की या घरात उपचाराची गरज आजींच्या झोपेला नाही, पिल्लाच्या रात्रीला आहे.

मी माणसांचा डॉक्टर. पिल्लाच्या प्रकृतीबद्दल शेवटचा शब्द पशुवैद्यकांचा, आणि पिल्लू घरी आल्यावर एक-दोन दिवसांतच त्यांच्याकडे न्यावे, हे प्रथमच सांगून ठेवतो. तरीही पिल्लू का ओरडते, हे समजून घ्यायला कोणत्याही पदवीची गरज नाही. कालपर्यंत ते आईच्या पोटाशी, भावंडांच्या ढिगात झोपत होते. उब, वास, दुसऱ्याच्या श्वासाची हालचाल हे सारे एका दिवसात नाहीसे झाले. पहिल्या दोन-तीन रात्रींचे ओरडणे म्हणजे हट्ट नव्हे. ती हाक असते. “ओरडू द्या, आपोआप गप्प बसेल” हा सल्ला या टप्प्यावर मला पटत नाही. मात्र त्या हाकेला उत्तर द्यायचे ते दुधाच्या बशीने नव्हे, सोबतीने.

त्याची रीत सोपी आहे. पहिले आठ-दहा दिवस पिल्लाला सगळे घर मोकळे देऊ नये. एक लहान खोली पुरते. तिच्या एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी आणि खाणे, आणि तिसरीकडे झोपायची जागा. बाजूला आडवे दार कापलेले पुठ्ठ्याचे खोके आणि त्यात जुन्या लुगड्याची घडी, याहून महागड्या गादीची पिल्लाला गरज नसते. ते जिथून आणले तिथला एखादा फडका मिळाला तर तो खोक्यात ठेवावा. आईचा वास हे त्या पिल्लाचे अंगाईगीत. थंडीच्या दिवसांत कोमट पाण्याची रबरी पिशवी टॉवेलमध्ये नीट गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवावी, म्हणजे उकडले तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. पहिल्या तीन-चार रात्री घरातील धडधाकट माणसाने त्याच खोलीत अंथरूण टाकावे. पिल्लू ओरडले तर दिवा न लावता, उचलून न घेता, हात खाली सोडून दोन शब्द हळू बोलावेत. हे काम आजी-आजोबांवर टाकू नये. जमिनीवर झोपणे आणि पुन्हा उठणे त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नाही, आणि त्यांना त्यात आनंद असला तरी त्यांचा तोल त्या आनंदाचे ऐकत नाही.

आता मांजराच्या घड्याळाकडे वळू. लहान पिल्लू दिवसाच्या २४ तासांतले १८ ते २० तास झोपते. प्रश्न एवढाच, की उरलेले तास ते नेमके कधी जागे राहते. मांजर हा पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारा प्राणी आहे. गंमत अशी, की उतारवयात माणसाचे घड्याळही पुढे सरकते: रात्री आठला पेंग येते आणि चारला टक्क जाग. म्हणजे घरातल्या तरुणांपेक्षा आजोबांचे आणि मांजराचे वेळापत्रक अधिक जुळते. हा योग वाया घालवू नये. दुपारी पिल्लू मांडीवर तासन्‌तास निजते आणि आजोबाही डुलकी घेतात, तेव्हा दोघांचीही रात्र तिथेच खर्ची पडत असते. आजोबांनी दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी, हे मी एरवीही सांगतो. पिल्लालाही चारच्या सुमारास जागे करून घ्यावे.

दिवेलागणीनंतर आणि पुन्हा निजण्यापूर्वी, अशी दोनदा दहा-पंधरा मिनिटे त्याला पळवावे. यासाठी वाकण्याची वा मागे धावण्याची मुळीच गरज नाही. खुर्चीत बसून, लांब काठीच्या टोकाला चिंधी घट्ट बांधून ती जमिनीवरून सरपटत न्यावी, मध्येच थांबवावी, खुर्चीआड लपवावी. आजींच्या खांद्यांनाही व्यायाम होतो आणि चेहऱ्यावर जे येते ते औषधाच्या कोणत्याही बाटलीत मिळत नाही. खेळताना बोटे मात्र कधीही पुढे करू नयेत. आज गोड वाटणारा चावा चार महिन्यांनी रक्त काढतो, आणि वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. खेळ संपला की लगेच दिवसातले शेवटचे जेवण. शिकार करावी, खावे, अंग चाटून स्वच्छ करावे आणि झोपावे, हा मांजराचा निसर्गक्रम आहे. रात्री दहाला आपण तोच क्रम त्याला घडवून देतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचे पोट लहान, त्यामुळे दिवसाचे खाणे चार वेळांत वाटावे लागते. त्यातली चौथी वेळ रात्री उशिराची ठेवली, तर पहाटेपर्यंत भुकेचे कारण उरत नाही.

इथवर कोणत्याही घराला लागू पडेल असे झाले. वृद्ध माणूस असलेल्या घरात मात्र एक निराळीच गोष्ट घडते, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. आजी किंवा आजोबा रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठतातच. दार करकरते, दिवा लागतो, चपला सरकतात. पिल्लाच्या दृष्टीने हा सूर्योदय! ते येऊन पायात घोटाळते, आणि आता उठलोच आहोत तर देऊ चमचाभर, म्हणून आजी बशी भरतात. चार-पाच रात्रींत पिल्लू आजींच्या उठण्याच्या वेळा पाठ करते आणि सहाव्या रात्री आजी उठल्या नाहीत तर त्यांना उठवायला येते. घरच्यांना वाटते, पिल्लामुळे आजी जागतात. वस्तुतः पुष्कळदा आजींमुळे पिल्लू जागते. म्हणून रात्री काहीही झाले तरी खाणे मिळणार नाही, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळायला हवा. नऊ रात्री दुर्लक्ष केले आणि दहाव्या रात्री दया येऊन बशी ठेवली, तर पिल्लू एवढेच शिकते की पुरेसा वेळ ओरडले की दूध मिळते. त्यापेक्षा रोज देणे परवडले, असे म्हणण्याची पाळी येते.

त्याच वेळी आजींच्या रात्रीच्या उठण्याकडेही पाहावे. संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद करता येतो. लघवी अधिक होण्याची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे; स्वतःच्या मनाने बदलू नये. दिवसभर पाय लटकवून बसल्याने पायावर सूज येत असेल तर दुपारी तासभर पाय उंच ठेवावेत, म्हणजे ते पाणी रात्री उतरण्याऐवजी दिवसा उतरते. रात्री तीनदा उठण्यामागे प्रोस्टेटची वाढ, मधुमेह किंवा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही असू शकतो. ज्या आजींची गोष्ट वर सांगितली त्यांची रक्तशर्करा तपासली, ती बरीच वाढलेली निघाली. पिल्लाच्या निमित्ताने का होईना, तपासणी झाली.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट हा स्वतंत्र विषय आहे. भिंतीच्या तळाशी लावायचा मंद दिवा रात्रभर चालू राहू द्या. पिल्लाची खेळणी, बशी, ट्रे यांतले काहीही त्या वाटेवर नको. रात्री पिल्लाच्या खोलीचे दार बंद असणे सर्वांत उत्तम. पिल्लू पलंगाखाली दबा धरून हलत्या पावलांवर झडप घालते. त्याला तो खेळ असतो. उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावे, खाली पाहावे, मग पाय टेकावेत. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा जुना प्रश्न. आपल्या घरी ती बांधणे सोपे आहे, पण तिच्यावर विसंबू नका. वयोमानाने कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात, आणि घुंगराचा किणकिणाट नेमका त्याच पट्टीतला. सुनेला तो शेजारच्या खोलीतून ऐकू येईल आणि आजोबांना पायाशी येऊनही नाही. घंटा बांधायचीच असेल तर ओढ बसताच आपोआप सुटणाऱ्या पट्ट्याला बांधावी, नाहीतर पिल्लाला फास बसू शकतो.

दुधाविषयी बोललो की वयस्कर मंडळी रागावतात, कारण मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात फार पक्की आहे. परंतु आईचे दूध सुटत गेल्यावर मांजराची दुधातली साखर पचवण्याची शक्ती ओसरते. गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना हगवण लागते. पोट दुखणारे पिल्लू रात्री झोपत नाही, आणि ओरडते म्हणून त्याला आणखी दूध दिले जाते. पाणीच प्यायला द्या. मांजर पक्का मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागणारे टॉरिन हे द्रव्य प्राणिज अन्नातूनच मिळते, दहीभातातून नव्हे. ज्या घरी सामिष शिजत नाही त्यांनी पिल्लांसाठीचे तयार खाद्य आणावे. बिनमिठाचे उकडलेले चिकन, काटा काढलेली मासळी चालते. कांदा-लसूण घातलेला रस्सा मुळीच नाही, ते दोन्ही मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतात. पिल्लाने दिवसभर काही खाल्ले नाही, पातळ शी वारंवार झाली किंवा ते निपचित पडून राहू लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे. एवढ्याशा जीवातले पाणी फार लवकर आटते.

वृद्धांच्या घरातले काही धोके पिल्लाला ठाऊक नसतात आणि आपल्याला सुचत नाहीत. पॅरासिटामॉल ही आपली सर्वांत निरुपद्रवी गोळी. मांजराला तिचा एक तुकडाही प्राणघातक ठरू शकतो. उशाशी ठेवलेल्या वाटीत सकाळच्या गोळ्या काढून ठेवण्याची सवय असेल तर ती डबीत ठेवा, झाकण लावून. सांधेदुखीवर चोळायची मलमे हात न धुता पिल्लाच्या अंगावरून हात फिरवल्याने त्याच्या पोटात जातात. ते चाटते, आणि त्यांतली वेदनाशामक द्रव्ये त्याच्या मूत्रपिंडाला सोसत नाहीत. फरशी पुसायचे फिनेल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, कापूर यांचेही तसेच. फिनेलने पुसलेल्या फरशीवर पिल्लू चालते आणि मग पाय चाटते. त्याऐवजी साध्या साबणाच्या पाण्याने पुसावे. लोकरीचा गुंडा आणि वाती वळायचा कापूस चित्रात शोभतात. पोटात गेलेला दोरा मात्र आतडे चुण्या पाडून आवळतो.

ओरखडे आणि चावा यांबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. मांजराचे दात सुईसारखे. वरून टाचणीएवढे भोक दिसते आणि जंतू खोलवर जातात. मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्यापेक्षा अधिक वेळा पिकतो, तोही बहुधा २४ तासांच्या आत. मधुमेह असलेल्यांनी, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी “एवढेसे तर आहे” असे म्हणू नये. रस्त्यावरून आलेल्या, लस न झालेल्या पिल्लाने चावले किंवा ओरबाडले तर रेबीजचा विचार करावाच लागतो. हा रोग कुत्र्यांपुरता मर्यादित नाही. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे, घड्याळ लावून, धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्त आले नसले तरी लस लागू शकते, आणि रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवावे हे बरोबर, पण लस सुरू करण्यासाठी ते दहा दिवस थांबणे चूक. पिल्लाला स्वतःला रेबीजची लस साधारणपणे बाराव्या आठवड्यानंतर देतात. इतर लसी आणि जंताचे औषध त्याआधीच सुरू होते. पिसवांचाही बंदोबस्त तेव्हाच करून घ्यावा. घरात कोणाच्या अंगावर गोल, खाजरे चट्टे उठले तर तो बहुधा पिल्लाकडून आलेला नायटा; मला दाखवताना घरात पिल्लू आहे हे सांगायला विसरू नका.

वाळूचा ट्रे रोज साफ व्हायला हवा. मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडल्यापासून किमान एक दिवस गेल्याशिवाय रोग पसरवण्याइतका तयार होत नाही, म्हणून रोजच्या सफाईला महत्त्व. घरातील गरोदर स्त्रीने आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. वृद्धांनी करायचे तर हातमोजे घालून, आणि वाकावे लागणार नाही अशा लांब दांड्याच्या सुपलीने.

ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांच्याजवळ मांजर असण्याला माझा विरोध नाही. मांडीवरच्या घुरघुरीने शांत होणारे रुग्ण मी पाहिले आहेत. मात्र पिल्लू आणि रुग्ण या दोघांना एकटे सोडू नये. दिलेले खाणे आठवत नसल्याने आजोबा पाच वेळा देतात, किंवा माया अनावर होऊन घट्ट आवळतात आणि ओरखडा घेतात. खाणे दिले की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करण्याची पद्धत काही घरांत चांगली चालते.

डोळे न उघडलेले पिल्लू सापडले तर त्याला लगेच उचलून आणू नका; त्याची आई बहुधा खाणे शोधायला गेलेली असते. आई खरोखरच नसेल, तर दर दोन-तीन तासांनी विशेष दूध पाजणे, उब देणे, ओल्या कापसाने पुसून लघवी करवणे हे रात्रंदिवस करावे लागते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने ते अंगावर घेऊ नये. प्राणिमित्र संस्थेला कळवावे.

आणि मुळात पिल्लूच हवे का, हेही विचारायला हरकत नाही. घरात राहणारे मांजर १२ ते १५ वर्षे सहज जगते. पंच्याहत्तरीच्या माणसाला सोबत हवी असेल तर दोन-चार वर्षांचे, शांत स्वभावाचे, नसबंदी आणि लसीकरण झालेले मांजर मी अधिक पसंत करतो. त्याची रात्र आधीच लागलेली असते, पायांवर झडप घालण्याचे वय उलटलेले असते, आणि स्वभाव कसा हे आणण्यापूर्वीच कळते. पिल्लू आणा किंवा मोठे मांजर, आजी रुग्णालयात दाखल झाल्या तर त्याला खाणे कोण देईल, हे घरात आणण्यापूर्वी मुलाने की नातवाने, नाव घेऊन ठरवून ठेवावे. शस्त्रक्रियेची गरज असताना “माझ्या मनीकडे कोण बघणार?” म्हणून दाखल व्हायला नकार देणाऱ्या रुग्णाची समजूत काढणे फार अवघड असते.